तिसऱ्या रुळावरील आगगाडी व तिची प्रतिकृति

बाजारांतून आणलेली पत्र्याची आगगाडी किल्ली देतांच धांवूं लागते, दोनचार दिवस घरभर फिरते आणि पुढें पलंगाखालीं जाऊन पडते. ती मोडली म्हणून कोणी फारसें हळहळत नाहीं. कारण तिनें आपल्या धन्यास कांहीं शिकविलेलें नसतें. प्रतिकृतीची गोष्ट निराळी आहे. खेळणें हें कोणत्याही आगगाडीसारखें असलें म्हणजे पुरे. प्रतिकृति मात्र एका विशिष्ट आगगाडीची असते. ती गाडी कोठें धांवत होती, कोणत्या सालीं, कोणत्या रंगांत, तिला दारें किती होतीं, ह्या प्रत्येक प्रश्नास प्रतिकृति करणाऱ्यास उत्तर द्यावें लागतें, आणि तेंही तोंडानें नव्हे, हातांनीं. म्हणून प्रतिकृति करणें हा इतिहास, गणित, पदार्थविज्ञान व हस्तकला ह्या चारही विषयांचा एकत्र अभ्यास होय. ह्या लेखांत इंग्लंडांतील विजेच्या उपनगरी गाड्या हें उदाहरण घेऊन तो अभ्यास कसा करावा तें आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें मांडीत आहों.

विजेच्या उपनगरी गाड्यांचा जन्म

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांतील मोठ्या शहरांभोंवतीं उपनगरें झपाट्यानें वाढलीं. सकाळीं हजारों कारकून, कामगार व दुकानदार शहरांत येत आणि सायंकाळीं परत जात. ही ने-आण वाफेच्या एंजिनास अवघड जाई. स्टेशनें जवळजवळ असल्यामुळें गाडीस वेग येतो न येतो तोंच ब्रेक लावण्याची वेळ येई. आणि शेवटचें स्टेशन आलें कीं एंजिन सोडवून गाडीच्या दुसऱ्या टोंकास नेऊन जोडावें लागे, अगर दुसरें एंजिन आणावें लागे. तेवढा वेळ फलाट अडून राही. ह्यावर फ्रँक स्प्रेग नांवाच्या अमेरिकन एंजिनियरानें उपाय काढला. एंजिन अजीबात काढून टाकावें, गाडींतील कांहीं डब्यांखालींच विजेच्या मोटारी बसवाव्या आणि त्या सर्व मोटारी कोणत्याही टोंकास बसलेल्या एकाच चालकानें एकदम चालवाव्या, अशी त्याची योजना होती. १८९७-९८ च्या सुमारास शिकागो शहरांत ती यशस्वी ठरली. मग गाडी फिरविण्याचें कारण उरलें नाहीं. चालकानें एका टोंकाची खोली सोडून दुसऱ्या टोंकाच्या खोलींत जाऊन बसलें म्हणजे झालें.

इंग्लंडांत लिव्हरपूल येथील मर्सी नदीखालून जाणाऱ्या रेल्वेनें १९०३ सालीं वाफ सोडून वीज पत्करली. १९०४ सालीं न्यूकॅसलच्या आसपास टाइन नदीच्या कांठीं, तसेंच लिव्हरपूल ते साउथपोर्ट ह्या मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या. लंडनच्या दक्षिणेस तर दोन पद्धतींचा सामनाच लागला. ब्रायटनकडे जाणाऱ्या कंपनीनें ता. १ डिसेंबर १९०९ पासून डोक्यावरील तारेंतून ६,७०० व्होल्ट दाबाचा उलटसुलट वाहणारा प्रवाह घेतला. शेजारच्या साउथ-वेस्टर्न कंपनीनें ता. २५ ऑक्टोबर १९१५ रोजीं वॉटर्लू ते विंबल्डन ह्या मार्गावर ६०० व्होल्टांचा एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह जमिनीवरील तिसऱ्या रुळांतून घेतला. १९२३ सालीं ह्या कंपन्या 'सदर्न रेल्वे' ह्या एकाच नांवाखालीं एकत्र आल्या. सर हर्बर्ट वॉकर हे तिचे मुख्य व्यवस्थापक असतांना तिसऱ्या रुळाची पद्धति कायम झाली आणि १९२९ सालीं डोक्यावरील तारा उतरल्या. ता. १ जानेवारी १९३३ पासून लंडनहून समुद्रकांठच्या ब्रायटनपर्यंत विजेच्या गाड्या नियमित धांवूं लागल्या.

ह्या सर्व घडामोडींचा आमच्या प्रांताशीं अगदींच संबंध नाहीं असें नाहीं. ता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईंत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ह्या मार्गावर हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी धांवली. तिचा प्रवाह १,५०० व्होल्टांचा असून तो डोक्यावरील तारेंतून येई. परंतु डब्यांतच मोटारी असाव्या व दोन्ही टोंकांस चालकाची खोली असावी हें तिचें मूळ तत्त्व तेंच होतें.

कोणती गाडी निवडावी

नवशिक्याची पहिली चूक अशी होते कीं, तो 'एक विजेची गाडी' करूं म्हणतो. अशी गाडी जगांत नाहीं. जगांत होते ते विशिष्ट संच. आपण येथें 'फोर-सब्' ह्या नांवानें ओळखला जाणारा चार डब्यांचा उपनगरी संच घेऊं. ऑलिव्हर बुलिड हे सदर्न रेल्वेचे मुख्य यंत्राधिकारी असतांना, महायुद्ध चालू असतांनाच, १९४१ सालीं ह्यांतील पहिला नवा संच बाहेर पडला. पुढें १९५१ पर्यंत असे संच बांधले जात होते आणि १९८३ सालीं त्यांतील अखेरचे कामावरून उतरले. म्हणजे चाळीसांहून अधिक वर्षें लंडनच्या नोकरदार माणसांनीं त्यांतून ये-जा केली.

संचाच्या दोन्ही टोंकांस मोटार-डबे व मध्यें दोन साधे डबे अशी रचना असे. मोटार-डब्याच्या चालकाकडील बोगींत दोन मोटारी बसविलेल्या असत. अर्थात् सबंध संचास चार मोटारी. बोगीच्या बाजूस लांकडी तुळईवर लोखंडाचा एक जोडा लोंबता ठेवलेला असे. तो तिसऱ्या रुळाच्या माथ्यावरून घसरत जाई व प्रवाह उचलून घेई. मोटारींतून फिरून झालेला प्रवाह चाकांवाटे चालत्या रुळांत उतरून वीजघराकडे परत जाई. जेथें एक मार्ग दुसऱ्यास मिळतो तेथें तिसरा रूळ तुटक ठेवावा लागतो. म्हणून असे जोडे संचाच्या दोन्ही टोंकांस व दोन्ही बाजूंस असत आणि आंतून एका जाड तारेनें जोडलेले असत. एका टोंकाचा जोडा अधांतरीं असला तरी दुसऱ्या टोंकाचा रुळावर टेकलेला असे. चार मोटारींस एका जोड्याचा आधार कसा पुरतो, हें कोडें असें सुटतें.

डबे रुंद असल्यामुळें एका बाकावर सहा माणसें बसत. आरंभीच्या संचांत प्रत्येक खोलीस दोन्ही बाजूंनीं स्वतंत्र दार असे. पुढच्या अनेक डब्यांत मधून वाट ठेवून खुली बैठक केलेली होती. समोरच्या तोंडावर दोन खिडक्या आणि त्यांमध्यें एक उजळ चौकट असे. त्या चौकटींत कोरीव अक्षराचा पत्रा लावीत. हॅम्प्टन कोर्टच्या गाडीस 'एच्', शेपर्टनच्या गाडीस 'एस्', अशीं तीं अक्षरें असत. पुढें त्यांची जागा आंकड्यांनीं घेतली. फलाटावर उभ्या असलेल्या माणसास व सिग्नलवाल्यास तें एक अक्षर पाहून गाडी कोठली हें कळे.

साक्षीदारांची तपासणी

गाडी निवडल्यावर हत्यार हातीं घेण्यापूर्वीं वही हातीं घ्यावी. प्रतिकृति करणाऱ्याचें काम न्यायाधीशाच्या कामासारखें आहे. त्याच्यापुढें अनेक साक्षीदार येतात. त्यांतील प्रत्येकास कांहीं ठाऊक असतें, आणि सर्व कांहीं कोणासच ठाऊक नसतें.

पहिला साक्षीदार म्हणजे कारखान्याचा आराखडा. तो मापें अचूक सांगतो. परंतु गाडी कशी बांधावयाची होती एवढेंच तो सांगतो. प्रत्यक्ष बांधतांना झालेला फरक, अगर दहा वर्षांनीं झालेली दुरुस्ती त्याच्या गांवींही नसते.

दुसरा साक्षीदार छायाचित्र. आराखडा हेतु सांगतो, तर छायाचित्र एका विशिष्ट दिवसाची वस्तुस्थिति सांगतें. म्हणून ज्यावर तारीख नाहीं असें छायाचित्र अर्धा साक्षीदार समजावा. पण तारीख लिहिलेली नसली तरी ती पुष्कळदां शोधून काढतां येते. ता. १ जानेवारी १९४८ रोजीं ब्रिटिश रेल्वे राष्ट्राच्या मालकीची झाली. तेव्हां डब्याच्या आंकड्यामागें सदर्न विभागाचें 'एस्' अक्षर दिसत असलें तर चित्र त्यानंतरचें. ता. ३ जून १९५६ रोजीं तेथील तिसऱ्या वर्गास 'दुसरा वर्ग' असें नांव मिळालें. तेव्हां दारावर तिसऱ्या वर्गाचा आंकडा असला तर चित्र त्या सुमाराचें किंवा आधींचें. गाडीच्या तोंडावर पिवळा पट्टा असला तर चित्र १९६० नंतरच्या दशकांतील, कारण रुळांवर काम करणाऱ्या मजुरांस गाडी दुरून दिसावी म्हणून हा पट्टा त्या काळांत आला. हिरवा रंग जाऊन निळा रंग आलेला असला तर तें १९६५ नंतरचें. अशा रीतीनें चारपांच खुणा एकत्र केल्या म्हणजे तारीख आपोआप आंवळत येते. एक सावधगिरी मात्र ठेवावी: जुन्या काळ्यापांढऱ्या चित्रावरून रंगाचा निर्णय करूं नये. हिरवा व निळा हे दोन्ही रंग तेथें सारखेच करडे दिसूं शकतात.

छायाचित्रावरून मापही काढतां येतें. समजा, डब्याच्या अगदीं समोर उभें राहून घेतलेलें एक चित्र आहे आणि डब्याची खरी लांबी ६२ फूट ६ इंच आहे हें आराखड्यावरून ठाऊक आहे. चित्रांत तो डबा १२५ मिलिमीटर भरला, तर चित्रांतील २ मिलिमीटर म्हणजे एक फूट. आतां त्याच डब्याच्या अंगावरील एखादी पेटी चित्रांत ७ मिलिमीटर भरली, तर ती ३ फूट ६ इंच लांब असली पाहिजे. परंतु हें गणित डब्याच्या त्याच बाजूवर असलेल्या वस्तूंस लागू पडतें. पुढील रूळ अगर मागील फलाट कॅमेऱ्यापासून निराळ्या अंतरावर असल्यामुळें त्यांस हेंच प्रमाण लावणें चुकीचें होईल.

तिसरा साक्षीदार म्हणजे रेल्वेचीं दप्तरें: कोणता डबा कोणत्या संचांत केव्हां घातला व केव्हां काढला ह्यांच्या नोंदी. ह्यांचें महत्त्व सदर्न रेल्वेच्या बाबतींत फार आहे. तिचे पहिले तीन डब्यांचे उपनगरी संच बऱ्याच अंशीं वाफेच्या गाड्यांचे जुने लांकडी सांगाडे नव्या लोखंडी चौकटींवर बसवून केलेले होते. पुढें गर्दी वाढली तेव्हां त्या तिहींत चौथा, नवा व रुंद डबा घालण्यांत आला. त्यामुळें एकाच गाडींत दोन निराळ्या काळांचे, निराळ्या छपरांचे डबे शेजारीशेजारीं धांवत. संचाचा आंकडा पाहून सर्व डबे एकसारखे असतील असें जो गृहीत धरील त्याची प्रतिकृति सुबक होईल, पण खरी होणार नाहीं. तसेंच १९५१ पासून आलेल्या 'ई-पी-बी' संचांचीं तोंडें वरवर पाहतां सारखींच दिसतात. परंतु त्यांचा ब्रेक विजेच्या साह्यानें चाले व त्यांच्या जोडण्या निराळ्या होत्या, म्हणून जुन्या 'सब्' संचास जोडून एकाच चालकानें ते चालवावे अशी सोय नव्हती. दोन्हींस एकत्र जोडून टेबलावर धांवविणें सोपें आहे. खऱ्या रुळांवर तें होत नसे.

चौथा साक्षीदार म्हणजे जतन केलेली गाडी. तिला हात लावून पाहतां येतें हें मोठें सुख. पण तीही निवृत्तीच्या वेळच्या स्थितींतच असते, तरुणपणच्या नव्हे. पांचवा साक्षीदार म्हणजे त्या गाडीवर काम केलेला अगर तींतून प्रवास केलेला मनुष्य. आंकड्यांच्या बाबतींत त्याची स्मृति दगा देते, परंतु दार कसें आपटे, थंडींत बाकाखालून ऊब कशी येई, ह्या गोष्टी त्याच्याशिवाय दुसरें कोणी सांगूं शकत नाहीं.

जेथें दोन साक्षीदारांचें जमत नाहीं तेथें वहींत दोघांचेंही म्हणणें लिहून ठेवावें आणि आपण कोणाचें कां स्वीकारलें तेंही लिहावें. जेथें साक्षीदारच मिळत नाहीं तेथें 'अंदाजानें' असा शब्द लिहिण्यास लाजूं नये. हा एक शब्द लिहिण्याची संवय ज्यास लागली त्याचें पुढील आयुष्यांतील प्रत्येक काम अधिक विश्वासास पात्र होतें, असें आम्हांस वाटतें.

प्रमाणाचें गणित

इंग्लंडांत सर्वांत अधिक प्रचारांत असलेल्या प्रमाणांत एका फुटास ४ मिलिमीटर धरतात. एक फूट म्हणजे ३०४·८ मिलिमीटर. त्यास ४ नें भागिलें असतां ७६·२ येतात. म्हणून प्रतिकृति खऱ्या गाडीच्या ७६·२ व्या भागाएवढी असते. मोटार-डब्याची ६२ फूट ६ इंच लांबी येथें बरोबर २५० मिलिमीटर होते, आणि सुमारें ९ फुटांची रुंदी ३६ मिलिमीटर. चार डब्यांचा संच एक मीटरहून किंचित् अधिक भरतो. तिसऱ्या रुळाचा मध्य चालत्या रुळाच्या आंतील कडेपासून १ फूट ४ इंच बाहेर असतो आणि त्याचा माथा ३ इंच उंच असतो. म्हणजे प्रतिकृतींत तो ५⅓ मिलिमीटर दूर व १ मिलिमीटर उंच ठेवला पाहिजे.

आतां एक मौज पहा. खऱ्या दोन रुळांमधील अंतर ४ फूट ८½ इंच. तें ह्या प्रमाणांत १८·८३ मिलिमीटर व्हावयास पाहिजे. परंतु बाजारांत मिळणाऱ्या 'डबल ओ' गाड्यांचे रूळ १६·५ मिलिमीटर अंतरावर असतात. १६·५ ला ४ नें भागिलें तर ४ फूट १½ इंच येतात. सात इंच गेले कोठें? युरोपखंडांत एका फुटास ३½ मिलिमीटर हें प्रमाण धरून १६·५ मिलिमीटरांचे रूळ करीत, आणि तेथें तें बरोबर होतें. इंग्लंडांतील एंजिनें आकारानें लहान. त्या प्रमाणांत त्या काळची मोटार त्यांत मावेना. तेव्हां कारखानदारांनीं एंजिन थोडें मोठें केलें व रूळ तसेच ठेविले. ही तडजोड आजपर्यंत चालत आली आहे. जे ती मान्य करीत नाहींत ते १८·२ किंवा १८·८३ मिलिमीटर अंतर ठेवून स्वतः रूळ बांधतात. पहिल्या प्रतीचे कारागीर दोन्ही पक्षांत आहेत. मात्र आपण कोठें तडजोड केली हें ज्यास ठाऊक आहे तोच खरा कारागीर.

वेगाचेंही गणित करतां येतें. ताशीं ६० मैल म्हणजे दर सेकंदास ८८ फूट. प्रतिकृतींत ते ३५२ मिलिमीटर होतात. म्हणजे ताशीं साठ मैलांची गाडी टेबलावर सेकंदास हातभरही जात नाहीं. मुलें प्रतिकृति ज्या वेगानें पळवितात तो खऱ्या गाडीस लाविला तर प्रवाशांची धडगत नाहीं! वजनाचा नियम मात्र निराळा आहे. लांबी, रुंदी व उंची हीं तिन्ही ७६·२ पटींनीं कमी होत असल्यामुळें वजन त्या संख्येच्या घनानें, म्हणजे सुमारें ४,४२,४५० पटींनीं, कमी होतें. ४० टनांचा डबा ह्या हिशेबानें अवघा ९२ ग्रॅम भरेल. इतका हलका डबा रुळांवर नीट टिकत नाहीं. म्हणून कारागीर त्यांत शिशाचा तुकडा घालतो. लहान वस्तु ही मोठ्या वस्तूची नुसती घट नव्हे, निसर्गाचे नियम दोघींस निराळ्या रीतीनें लागूं होतात, हा पदार्थविज्ञानाचा धडा येथें फुकट मिळतो.

हातांचें काम

आतां बांधणी. ह्या धंद्यांत आज कोरलेले पितळी पत्रे, सांच्यांतील प्लॅस्टिक व संगणकाच्या आज्ञेनें थर रचून वस्तु घडविणारीं यंत्रेंही आलीं आहेत. परंतु आमच्या विद्यार्थ्यांनीं पुठ्ठ्यापासूनच आरंभ करावा. चांगला कडक पुठ्ठा, पोलादी पट्टी, धारदार चाकू, टोंकदार पेन्सिल, काचकागद व सरस एवढें पुरे आहे.

प्रथम डब्याची एक बाजू कागदावर काढावी. खिडक्या व दारें ह्यांच्या रेघा एका टोंकापासूनच मोजाव्या. एका दारापासून दुसरें, दुसऱ्यापासून तिसरें अशीं मोजूं नयेत. कारण प्रत्येक मापांत अर्ध्या मिलिमीटराची चूक झाली तर दहाव्या दाराशीं ती पांच मिलिमीटर होऊन बसते. खिडक्या आधीं कापाव्या, मग बाहेरची कड; उलट केल्यास पट्टी कमजोर होऊन फाटते. चाकू एकदांच दाबून चालवूं नये. हलक्या हातानें चारपांच वेळां फिरवावा. पुठ्ठ्यास दोन्ही बाजूंनीं वार्निश द्यावें; एकाच बाजूस दिलें तर पावसाळ्यांत डबा धनुष्यासारखा वांकतो. छपरास बांक देण्यासाठीं कागदाचे थर सरसानें एका गोल काठीवर चिकटवून वाळूं द्यावे. बोगी व चाकें मात्र सर्वांत शेवटीं नव्हे, सर्वांत आधीं करून पहावीं. चाकें सरळ रेघेंत चालत नसतील तर वरचें सुंदर घर व्यर्थ आहे.

विजेसंबंधीं दोन शब्द सांगणें आमचें कर्तव्य आहे. फ्रँक हॉर्नबी ह्यांच्या लिव्हरपूल येथील कारखान्यानें १९२५ सालीं लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या विजेच्या एंजिनाची प्रतिकृति विकावयास काढली. ती घरांतील दिव्याच्या प्रवाहावर चाले. तो प्रवाह मुलांच्या हातीं देणें धोक्याचें आहे हें ओळखून पुढें कमी दाबाची व्यवस्था करण्यांत आली. आजच्या प्रतिकृति साधारणतः १२ व्होल्टांवर चालतात व प्रवाह दोन चालत्या रुळांतूनच घेतात. त्यांचा तिसरा रूळ केवळ देखाव्यासाठीं असतो. खरा तिसरा रूळ देखाव्याचा नव्हे. त्यास स्पर्श म्हणजे मृत्यु होय. घरांतील विजेच्या भिंतींतल्या जोडणीस मुलांनीं हात लावूं नये आणि मापें घेण्याच्या निमित्तानें कोणत्याही रेल्वेच्या हद्दींत पाऊल टाकूं नये. फलाटावरून जें दिसतें तेवढेंच पहावें.

हा खटाटोप कशासाठीं?

कित्येक पालक विचारतील कीं, परीक्षेच्या दिवसांत मुलानें दूरदेशींच्या, कधींच नाहींशा झालेल्या गाडीचे डबे कापीत कां बसावें? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर 'करमणूक' एवढेंच असतें तर हा लेख आम्हीं लिहिला नसता.

वाफेच्या मोठ्या एंजिनांचीं छायाचित्रें हजारों लोकांनीं काढलीं; त्यांस नांवें होतीं, डौल होता. रोज सकाळीं ठराविक वेळीं येणाऱ्या हिरव्या उपनगरी गाडीकडे कोणी वळून पाहिलें नाहीं. ती चुकली म्हणजेच तिची आठवण होई. परिणाम असा झाला कीं, शेंकडों डबे मोडींत गेले आणि फोर-सब् ह्या जातीचा ४७३२ आंकड्याचा एकच पूर्ण संच मागें राहिला. १९३५ ते १९३८ ह्या काळांत बांधलेल्या 'टू-बिल्' नांवाच्या दोन डब्यांच्या संचांपैकीं राष्ट्रीय संग्रहांत २०९० हा एकच आहे. बाकीच्यांची ओळख आज टिकली आहे ती ज्यांनीं मापें घेतलीं, नोंदी जुळविल्या व प्रतिकृति केल्या अशा हौशी माणसांमुळें. त्यांपैकीं पुष्कळजण दिवसभर दुसरी नोकरी करीत व रात्रीं दिव्यापाशीं बसून कानस चालवीत.

आमच्या घरांतील गोष्ट ह्याहून वेगळी नाहीं. मुंबईच्या ज्या १,५०० व्होल्टांच्या गाड्यांत उभ्यानें प्रवास करून अनेक बापांनीं आपलीं मुलें शिकविलीं, त्यांचा काळ एप्रिल १९१६ नव्हे, तर अगदीं अलीकडे, एप्रिल २०१६ मध्यें संपला. त्यांच्या बाकांचीं मापें, दारांची रुंदी, आंतील दांड्यांची उंची कोणी लिहून ठेविली आहे काय? जी वस्तु आपली रोज सेवा करिते तिच्याकडेच आपण कधीं पाहत नाहीं, आणि तसेंच आपली रोज सेवा करणाऱ्या माणसांच्या बाबतींतही घडतें. ज्या मुलानें एका साध्या डब्याच्या दारांची मोजदाद प्रामाणिकपणें केली, तो त्या दारांतून चढणाऱ्या थकलेल्या माणसाकडेही अधिक लक्षपूर्वक पाहील, अशी आमची आशा आहे. आपल्या प्रभूनें नासरेथांत सुताराच्या दुकानीं वर्षांनुवर्षें हातांनीं काम केलें. तेथल्या जुंवांचीं व दारांचीं मापें त्यानें ओबडधोबड घेतलीं असतील असें कोण म्हणेल? कोणी पाहो वा न पाहो, माप बरोबर घेणें हीही एक उपासनाच आहे. डब्याच्या खालच्या बाजूचा जो भाग टेबलावर कोणास दिसत नाहीं तोही जो नीट करतो, त्याच्या हातीं उद्यां मोठें काम निर्धास्तपणें सोंपवितां येईल.

अभ्यासासाठीं

१. एका फुटास ७ मिलिमीटर धरल्यास ६२ फूट ६ इंच लांबीचा व ९ फूट रुंदीचा डबा केवढा होईल?

२. एका फुटास ३½ मिलिमीटर ह्या प्रमाणांत १६·५ मिलिमीटर हें अंतर ४ फूट ८½ इंचांच्या किती जवळ येतें तें काढा.

३. ताशीं ३० मैल वेगानें जाणारी गाडी ४ मिलिमीटरांच्या प्रमाणांत दोन मीटर लांबीचें टेबल किती सेकंदांत ओलांडील?

४. तुमच्या गांवांत रोज दिसणारें एक साधें वाहन निवडा: बैलगाडी, एस्. टी. ची मोटार, हातगाडी, कांहींही. मालकाची परवानगी घेऊन, तें उभें असतां, त्याचीं दहा मापें घ्या, तारीख घाला, जें माप घेतां आलें नाहीं त्यापुढें 'अंदाजानें' असें लिहा. मग घरांतील सर्वांत वृद्ध माणसास विचारा कीं, त्यांच्या लहानपणीं तें वाहन कसें होतें, आणि त्यांचें उत्तर त्यांच्याच शब्दांत वहींत उतरून घ्या. पुढील वर्षाच्या अंकासाठीं अशी एक वही जरी आमच्याकडे आली, तरी हा पाठ फळास आला असें आम्ही समजूं.